चौऱ्याहत्तरावं मिनिट

भद्रावती
५ नोव्हेंबर २०२३

चि. अश्विन,
मुखरूकाकाचा सप्रेम जय भीम.

तुयी बहीण पुनम परवा बसस्टँडवर भेटली. तुया पत्ता तिच्याकडूनच घेतला. तुया फोन आठ महिन्यांपासून लागत नाई. ती म्हणे, "काका, तो हेमलकशाच्या अलीकडं, फाट्यावरच्या आश्रमशाळेत खेळाचा मास्तर हाय. तिथी टॉवर नाई. चिठ्ठी टाका, पोचते." कोळसा खाणीतून रिटायर झाल्यापासून मी पेन हातात धरला नाई. अक्षर समजून घेजो.

बातमी अशी का आपल्या प्रबुद्ध स्पोर्टिंगचा नवा सीझन फेब्रुवारीत सुरू होते. कोच गुणवंतरावच हायेत. मैदानावर पाणी मारणं, बॉलमंदी हवा भरणं, पोट्ट्यांच्या पायाले बर्फ लावणं, मायं काम तेच. फक्त उजव्या बाजूले, तुया जागेवर, कोणी बसत नाई. चौघांले खेळवून पाह्यलं.

बारा मार्चची ती मॅच मी रोज खेळतो. जेवता जेवता खेळतो. तुयी काकू म्हणते, "भात थंडा होऊन राह्यला, तुमी कुठी गेले?" मी नागपुरात असतो. सहा गाड्या भरून गेलो होतो आपण. तुया बाप सुकलू अन् मी ऐंशी साली बाभळी तोडून, कुदळीनं ते मैदान सपाट केलं. तवापासून क्लब खालच्याच श्रेणीत. करोनात सुकलू दवाखान्यातून फोनवर मले म्हणे, "मुखरू, आपला क्लब वर गेला का मले सांगजो." तिसऱ्या दिवशी तो गेला. अन् दोन वर्षांनी आपण खरंच दारात उभे होतो. ऑरेंज रेंजर्सले हरवलं का वरची श्रेणी.

३१ व्या मिनिटाले तुया कॉर्नर, प्रफुलचं डोकं, अन् गोल! मी पाण्याची बादली घेऊन नाचलो, अर्धी गुणवंतरावच्या पँटीवर सांडली. मग ९३ वं मिनिट. रेफ्री घड्याळ पाहून राह्यला होता. त्यांचा तो बुटका विंगर तुया बाजूनं सुटला अन् बरोबरी झाली. पेनल्टीत त्यांच्या पाचही आत गेल्या. आपल्या चार. पाचवी तुयी.

तू डाव्या पायानं मारली. जन्माचा उजव्या पायाचा खेळाडू तू. बॉल घरंगळत गोलकीपरच्या हातात गेला. काऊन डाव्या पायानं मारली, हे मी तुले कधी विचारलं नाई, विचारणारही नाई.

लोकं आता विसरले. तू ये. तुयी जागा हाय तशीच हाय.

तुया काका,
मुखरू

फाटा, ता. भामरागड
२१ नोव्हेंबर २०२३

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

पाकीट बारा दिवसांनी मिळालं. मी बरा आहे. शाळा चांगली आहे, मैदान आपल्यापेक्षा मोठं आहे. इथली मुलं घरी माडिया बोलतात, मले अर्धंच समजते. पण फुटबॉलमधे बोलायचं काम कमी पडते.

फेब्रुवारीत येणं जमणार नाई. नोकरी कंत्राटी आहे.

लोकं विसरले म्हणता. रेल्वे फाटकाजवळच्या भिंतीवर 'अश्विननं मॅच विकली' असं लिहिलं होतं, ते पुसलं का? पुनमले तिच्या सासरी अजून ऐकून घ्यावं लागते. ती सांगत नाई, पण तिच्या चिठ्ठीतून समजते.

तुमची मॅच दोनदा वाचली. तुम्ही ३१ व्या मिनिटावरून एकदम ९३ व्यावर गेले. मधे काही झालं नाई का, काका?

काकूले जय भीम सांगा.

आपला,
अश्विन

भद्रावती
९ डिसेंबर २०२३

चि. अश्विन,
जय भीम.

मधे काय होणार? त्यांचे हल्ले झाले, आपले झाले. तुया पायात गोळा आला होता, मी बर्फ लावला, तू उठला. हे काय लिहाची गोष्ट हाय का? अशा पन्नास मॅचमंदी पन्नास पोट्ट्यांले मी बर्फ लावला.

भिंतीचं म्हणशील तर पावसानं अर्धं गेलं. अर्धं राह्यलं हाय. लोकांचं तोंड कोण धरते? मी तुले वाईट म्हटलं का कधी? नाई म्हटलं. पण एक सांगतो, राग नको मानू. तू त्या दिवसापासून कोणाले तोंड दाखवलं नाई. आठ-दहा दिवसांत बॅग भरून जंगलात गेला. म्हणून लोकांले वाटलं का पोट्ट्याच्या मनात काहीतरी काळं हाय. हरणं सगळ्यांच्या वाट्याले येते. मी चाळीस वर्षं हरतच आलो. पण खेळाडू मैदान सोडून पळत नाई. सुकलू असता तर त्यानंही तुले हेच सांगितलं असतं.

तुया जागी आता आदेशले खेळवू म्हणतात. चांगला हाय, पण तुयी सर नाई. विचार कर.

मुखरूकाका

फाटा
२४ डिसेंबर २०२३

आदरणीय काका,

तुम्ही बाबांचं नाव काढलं म्हणून लिहितो. नाई तर लिहिलं नसतं.

गोळा नव्हता. ७४ वं मिनिट होतं. त्यांचे दोघं माझ्या पायावर पडले आणि वाळलेली काडी मोडावी तसा आवाज आला. तुम्ही बर्फाची पिशवी घेऊन धावत आले. मी म्हटलं, "काका, पाय गेला. मले बदला."

तुम्ही म्हणाले, "गोळा हाय. पाच मिनिटांत जाते."

मी म्हटलं, "गोळा नाई काका, काहीतरी तुटलं."

तुम्ही मागे वळून पाहिलं. गुणवंतराव हातानं विचारत होते, बदलू का? त्यांच्या बाजूले आदेश जर्सी घालून तयार उभा होता. तुम्ही माझ्या कानाशी वाकले अन् म्हणाले, "सुकलूसाठी. पंधरा मिनिटं काढ, बेटा." आणि माझ्याकडे न पाहता कोचले अंगठा वर करून दाखवला. आदेश खाली बसला.

तुम्ही वाईट मनानं केलं असं मी म्हणत नाई. मलेही हात वर करता आला असता. पण तुम्ही बाबांचं नाव घेतलं होतं. त्यानंतर मले तिथं पडून राहता आलं नाई.

९३ व्या मिनिटाले तो विंगर माझ्या समोरून गेला. मले तो दिसत होता, कुठं जाणार तेही समजत होतं. पाऊल टेकवत नव्हतं. पाचवी पेनल्टी मारायले आपले तिघं खेळाडू मागे सरले, आणि आपली सगळी माणसं माझं नाव घेऊन ओरडू लागली. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते. उजव्या पंजानं बॉल मारणं शक्यच नव्हतं. टाचेवर कसातरी उभा राहिलो आणि डावा फिरवला. काऊन डाव्या पायानं मारली हे तुम्ही विचारणार नाई म्हणता. अख्ख्या भद्रावतीत फक्त तुम्हालेच विचारायची गरज नव्हती.

परत येताना आपल्याच गाडीत कोणीतरी माझ्या डोक्यावर जोडा फेकला. तिसऱ्या दिवशी भिंतीवर ते लिहिलं गेलं. मी घरात पाय उशीवर ठेवून वाट पाहत होतो. वाटत होतं, काका चहाच्या टपरीवर कोणाले तरी सांगतील, पोट्टा तुटक्या पायानं खेळला. पुनम त्या टपरीवरून गेली होती. लोकं बोलत होते आणि तुम्ही चहा पीत होते, असं तिनं सांगितलं. नवव्या दिवशी इथल्या नोकरीचा निरोप आला. पट्टी बांधून निघालो.

जुलैत सूज उतरेना म्हणून अहेरीले पायाचा एक्स-रे काढला. पंजाची दोन हाडं वाकडी जुळली आहेत. डॉक्टर म्हणाले, सुरवातीलेच प्लास्टर केलं असतं तर काहीच झालं नसतं. आता मी खेळणार नाई. लंगडत चालतो. मुलांले खुर्चीवर बसून शिट्टी मारून शिकवतो.

खेळाडू पळत नाई, असं तुम्ही लिहिलं. खरं आहे काका. मले पळता येत नाई.

अश्विन

भद्रावती
३० जानेवारी २०२४

बेटा अश्विन,
रुखमाकाकूचा जय भीम.

मी चवथी शिकली, सांभाळून वाचजो. तुयी चिठ्ठी आठ तारखेले आली. तुया काकानं अंगणात उभ्यानं वाचली अन् मैदानावर गेला. तिथी बॉल काढले नाई, काई नाई, कुलूप तसंच ठेवून परत आला. आठ दिवसांनी चिठ्ठी मायासमोर ठेवली. मले वाचाले अख्खी दुपार लागली.

मी विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

तो म्हणे, "पाय तुटला हे नव्हतं मालूम. पोट्टा बदला म्हणून राह्यला होता, हे मालूम होतं."

"अन् लोकं त्याले चोर म्हणत होते तवा?"

तो उठून अंगणात गेला. मी त्या दिवशी त्याले जेवाले वाढलं नाई. लग्नाले अडतीस वर्षं झाले, पहिल्यांदा.

सव्वीस जानेवारीले मैदानावर झेंडा झाला. सगळे पोट्टे होते, म्हातारे होते, पुनमचा सासराही होता. गुणवंतराव बोलून राह्यले होते, तर हा मधातच उठला. "मले सांगाचं हाय," म्हणे. अन् सांगितलं. तू काय म्हटलं, त्यानं काय म्हटलं, अंगठा कसा वर केला, सगळं. भिंतीवरचं लिहिलेलं रोज पाह्यलं अन् पुसलं नाई, तेही सांगितलं.

कोणी ओरडलं नाई बेटा. ओरडले असते तर बरं झालं असतं. आदेश एवढंच म्हणाला, "काका, मी जर्सी घालून उभा होतो ना." प्रफुल रडाले लागला, म्हणे जोडा मी फेकला होता. गुणवंतराव म्हणे, "मुखरू, चाळीस वर्षं मी तुया अंगठ्यावर माणसं खेळवली." मंग सामानखोलीची चाबी मागितली. यानं देऊन टाकली.

घरी येऊन यानं चुना भिजवला अन् फाटकाजवळची भिंत पुरी रंगवली. आता तिथी काई दिसत नाई.

तो तुले भेटाले येते म्हणते. शुक्रवारी आलापल्लीत मुक्काम करन, अन् शनिवारी, सतरा फेब्रुवारीले, दहाच्या बसनं तुया फाट्यावर उतरन. एकच्या बसनं परत. मी त्याची बाजू घेत नाई. भेटाचं का नाई, तू ठरव.

रुखमाकाकू

भद्रावती
२० फेब्रुवारी २०२४

चि. अश्विन,
जय भीम.

मी येऊन गेलो. बस दहाले फाट्यावर लागली. दुकानाच्या बाहेरच्या बाकड्यावर बसलो. तुयासोबतचे एक सर आले, म्हणे अश्विन सर मीटिंगले भामरागडले गेले, कवा येतील सांगता येत नाई. एक वाजेपर्यंत वाट पाह्यली. तुयी भेट झाली नाई. काकूनं जवसाची चटणी अन् शेवया देल्ल्या होत्या, त्या दुकानदाराजवळ ठेवल्या. नेल्या असशील.

तुयं मैदान दुरून पाह्यलं. बांबूचे गोलपोस्ट पक्के हायेत. पोट्ट्या बी खेळत होत्या. एकीनं उजव्या बाजूनं बॉल असा उचलून आत टाकला का मले वाटलं, हे हिले कोणी शिकवलं ते मले मालूम हाय.

जे बोलाले आलो होतो ते कागदावर उतरत नाई. पेन धरतो अन् ठेवतो.

मुखरूकाका

फाटा
४ मार्च २०२४

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

मी भामरागडले गेलो नव्हतो. त्या सरांले खोटं सांगायले मीच लावलं. ते तयार नव्हते.

काकूची चिठ्ठी आल्यापासून ठरवलं होतं की भेटायचं. शनिवारी सकाळी नऊलेच फाट्यावर आलो. दुकानाच्या मागं पिठाची चक्की आहे, तिच्या शेडमधे उभा राहिलो. तुम्ही बसमधून उतरले. वाळले तुम्ही. कंडक्टरनं पिशवी खाली दिली ती तुम्ही दोन्ही हातांनी धरली.

शेडपासून बाकड्यापर्यंत मोकळी जागा आहे, आपल्या मैदानाच्या अर्ध्याएवढी. तेवढीच चालायची होती. अकराव्या वर्षापासून तुम्ही मले पळताना पाहिलं. शाळेतून मैदानावर आणलं तुम्ही. बाबांपेक्षा जास्त वेळ तुम्ही मले पाहिलं असेल. रागानं नाई, काका, राग सव्वीस जानेवारीचं वाचून बराच उतरला होता. पण तुमच्या डोळ्यांसमोर ती जागा लंगडत चालून येणं मले जमलं नाई. एक पाऊल टाकलं आणि परत मागं घेतलं. मग चक्कीच्या मागच्या पायवाटेनं शाळेत निघून गेलो.

तुम्ही एकपर्यंत बसले हे दुकानदारानं सांगितलं. चहाही घेतला नाई म्हणाला.

अश्विन

भद्रावती
१६ मार्च २०२४

चि. अश्विन,
जय भीम.

मीही तुले खोटंच लिहिलं. भेट झाली नाई असं लिहिलं. मी तुले पाह्यलं होतं.

बाकड्यावर बसलो होतो. त्या सरांनं निरोप देल्ला अन् ते गेले. मी उगाच मान वळवली, तर चक्कीच्या मागून एक निळा सदरा पायवाटेनं झाडाकडं जाऊन राह्यला होता. पहिले वाटलं, गावातला कोणी लंगडा माणूस असन. मंग त्यानं डावा खांदा उडवला. कॉर्नर मारायच्या आधी तू उडवते तसा. मी उठलो. तोंड उघडलं होतं बेटा, तुयं नाव जिभेवर होतं.

पण वाटलं, मी हाक मारली तर याले वळावं लागन. अन् वळून मायापर्यंत चालत यावं लागन. तो तेच नको म्हणून चालला हाय. एकदा तू नको म्हणत असताना मी तुले उभं केलं. दुसऱ्यांदा नाई कराचं, म्हणून बसून गेलो.

तू झाडाआड जाईपर्यंत पाह्यलं. उजवा पंजा बाहेर पडते तुया. टाच पहिले टेकवते. उतारावर थांबून झाडाले हात लावला तू. एवढं मोठं दुखणं मी एका गोळ्याच्या नावाखाली झाकून ठेवलं होतं. बसमंदी बसल्यावर बाजूच्या बाईनं विचारलं, "भाऊ, कोणी गेलं का?" मी तिले नाई म्हटलं.

रुखमाले घरी येऊन सांगितलं, पोट्टा भेटला नाई. आज खरं सांगितलं. तिनं उठून मायासाठी पाणी आणलं.

क्लबात मले घेत नाई, अन् बरोबरच हाय. मी कंपाउंडच्या बाहेर उभा राहून पाहतो. आदेश चांगला खेळून राह्यला. यावर्षी आपण पहिल्याच टप्प्यात बाहेर झालो, प्लेऑफपर्यंत गेलोच नाई. मले वाईट वाटलं नाई. सुकलूले काय सांगू, याचा विचार आता मी करत नाई. त्यानं विचारलंच तर पहिले तुया पायाचं सांगावं लागन.

मी आता तू म्हणल्याशिवाय येणार नाई. जमलं तर चिठ्ठी टाकत जाजो.

मुखरूकाका

फाटा
२ एप्रिल २०२४

आदरणीय काका,
सविनय जय भीम.

माफ केलं, असं लिहायले बसलो होतो. तीन कागद फाडले. अजून ते खरं नाई, म्हणून लिहीत नाई. कधी होईल तेही सांगता येत नाई.

पुनमची चिठ्ठी आली. तिच्या सासऱ्यानं तिच्यासमोर हात जोडले म्हणते. आदेशनंही लिहिलं, प्रफुलनंही. प्रफुलले मी उत्तर दिलं नाई.

तुमची शेवटची चिठ्ठी रोज वाचतो. तुम्ही बसून राहिले तिथपर्यंत वाचतो आणि ठेवून देतो.

२७ एप्रिलले शनिवार आहे. त्यानंतर शाळेले सुटी लागते. त्या दिवशी या. त्याच बाकड्यावर बसा. या वेळेस मी चक्कीमागं राहणार नाई. शाळेपासून सरळ रस्त्यानं येईन, तुमच्या समोरून. मले वेळ लागेल. तुम्ही उठून मले घ्यायले येऊ नका, आणि मान खाली घालू नका. मी बाकड्यापर्यंत येईपर्यंत पाहत राहा.

अश्विन